वाक्य दुसऱ्याचे, हशा बेनीचा

जॅक बेनी या अमेरिकन विनोदी कलावंताचा कार्यक्रम १९३२ ते १९५५ अशी तेवीस वर्षे रेडिओवर आणि १९५० ते १९६५ अशी पंधरा वर्षे दूरचित्रवाणीवर चालला. आर्थिक मंदी, महायुद्ध आणि नंतरची भरभराट, असा अमेरिकेचा सारा मधला काळ त्यात येतो. एवढ्या वर्षांत बेनीने मुख्यतः एकच माणूस उभा केला. हा माणूस कवडीचुंबक होता, स्वतःच्या निळ्या डोळ्यांवर खूश होता, वयाने एकोणचाळिशीच्या पुढे जायला तयार नव्हता. व्हायोलिन भसाडे वाजवायचा आणि स्वतःला थोर वादक समजायचा. त्याचे नावही जॅक बेनीच होते. कार्यक्रमातली उत्तम वाक्ये बेनीने भोवतालच्या मंडळींना देऊन टाकली आणि ती सगळी स्वतःवर रोखून घेतली. ज्या धंद्यात टाळ्या आपल्याच वाक्याला मिळाव्यात म्हणून कलावंत एकमेकांशी भांडत, तिथे ही गोष्ट फार वेगळी होती. पुढच्या काळात घराघरांत पोहोचलेल्या विनोदी मालिकांची घडण इथे सापडते.

त्याचे खरे नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म १४ फेब्रुवारी १८९४ रोजी शिकागोत झाला, पण बालपण गेले शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या वॉकीगन या गावात. वडील मेयर पोलंडमधून आलेले ज्यू. त्यांनी आधी दारूचे दुकान चालवले, मग कापडचोपडाचे. आई एमा लिथुआनियाकडची. मुलाने मोठा व्हायोलिनवादक व्हावे अशी दोघांची फार इच्छा होती आणि सहाव्या वर्षीच त्याच्या हातात व्हायोलिन आले. बोटांत गुण होता, रियाजाचा मात्र कंटाळा होता. शाळेतही लक्ष नसे. हायस्कूल अर्ध्यावरच सुटले. तोवर गावातल्या बॅरिसन थिएटरच्या वाद्यवृंदात त्याला काम मिळाले होते.

त्या काळी अशी थिएटरे व्हॉडव्हिलवर जगत. एकाच तिकिटात गाणे, कसरती, जादू, कुत्र्यांचे खेळ, नकला आणि विनोदी प्रवेश असा आठ-दहा तुकड्यांचा खेळ चाले आणि कलावंत आपला दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा घेऊन गावोगाव फिरत. १९११ च्या सुमारास पुढे विनोदवीर म्हणून गाजलेले मार्क्स बंधू वॉकीगनला आले. त्यांच्या आई मिनी यांना हा पोरगा इतका आवडला, की आपल्या मुलांबरोबर साथीला चल, असे त्या म्हणाल्या. आईवडिलांनी परवानगी दिली नाही. पुढच्या वर्षी, अठराव्या वर्षी, तो निघालाच. कोरा सॅलिसबरी ही वयाने बरीच मोठी पियानोवादिका त्याची जोडीदार होती. यान कुबेलिक या नामवंत व्हायोलिनवादकाने आपल्याशी मिळत्याजुळत्या नावाला हरकत घेतली, म्हणून कुबेल्स्कीचा ‘बेन के. बेनी’ झाला. पुढे लायमन वूड्स या पियानोवादकाबरोबर त्याने पाचएक वर्षे काढली. तोवर तो रंगमंचावर एक शब्दही बोलत नव्हता. जे काही होते ते व्हायोलिनचे होते.

बोलणे आले ते नौदलात. पहिल्या महायुद्धात तो वॉकीगनजवळच्याच ग्रेट लेक्स नाविक तळावर दाखल झाला. तिथल्या करमणुकीच्या कार्यक्रमात त्याने गंभीरपणे व्हायोलिन वाजवायला घेतले आणि नाविकांनी हुर्यो उडवली. पुढे चित्रपटांत गाजलेला पॅट ओब्रायन तेव्हा त्याच तळावर होता. तो मंचावर येऊन त्याच्या कानात कुजबुजला, ‘ते वाद्य खाली ठेव आणि काहीतरी बोल,’ अशी हकीकत सांगतात. बेनी बोलला आणि लोक हसले. युद्धानंतर तो एकटाच रंगमंचावर येऊ लागला, हातात व्हायोलिन घेऊन, पण ते क्वचितच वाजवत. आता बेन बर्नी या दुसऱ्या एका कलावंताने नावावर आक्षेप घेतला. नाविक एकमेकांना ‘जॅक’ म्हणत. तेच नाव त्याने घेतले आणि कायमचे ठेवले.

१९२० नंतरच्या दशकात व्हॉडव्हिलमधले बहुतेक विनोदवीर आरडाओरड करणारे, विचित्र पोशाख घालणारे, टोप्या उडवणारे होते. बेनी नीट शिवलेला सूट घालून येई, सावकाश बोले आणि मधेमधे थांबे. हे थांबणे त्या काळी कुणी विशेष मनावर घेतले नाही. सभ्य, देखणा, हसरा निवेदक म्हणून त्याला कामे मिळत गेली. १९२७ मध्ये त्याने सेडी मार्क्स हिच्याशी लग्न केले. ती लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दुकानात विक्रेती होती. १९२९ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ‘हॉलिवुड रिव्ह्यू’ या बोलपटातही तो निवेदकच होता. पण बोलपट आणि रेडिओ या दोघांनी मिळून व्हॉडव्हिलचा जीव घेतला होता. चाळिशीकडे निघालेल्या बेनीला दुसरा धंदा शोधणे भाग होते.

मार्च १९३२ मध्ये पत्रकार एड सलिव्हनने त्याला आपल्या रेडिओ कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावले. बेनीने आपले नाव सांगितले आणि लगेच श्रोत्यांना म्हणाला, की आता थोडा वेळ थांबतो, तेवढ्यात ‘मग आम्हाला काय त्याचे!’ असे म्हणून घ्या. ते ऐकून एका जाहिरात संस्थेने त्याला विचारणा केली आणि २ मे १९३२ रोजी कॅनडा ड्राय या शीतपेयाच्या कंपनीच्या पैशाने त्याचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाच्या अमेरिकेत रेडिओचे कार्यक्रम प्रायोजकांच्या मालकीचे असत. कार्यक्रमाच्या नावात, गाण्यात, गप्पांत मालाचे नाव येई. बेनीने पहिल्याच वर्षी या जाहिरातींची थट्टा सुरू केली. श्रोते खूश झाले, पण कंपनीला ते रुचले नाही आणि तिने त्याला सोडले. मग शेवरले मोटार, मग टायर, आणि १९३४ पासून जेल-ओ हा जेलीचा पदार्थ. जेल-ओच्या मालकांनी थट्टा चालू दिली आणि खप वाढला. रविवारी संध्याकाळी सात ही वेळ तेव्हापासून बेनीची झाली.

रेडिओने विनोदी कलावंतांपुढे एक नवीनच संकट उभे केले होते. व्हॉडव्हिलमध्ये एक चांगला पंधरा मिनिटांचा तुकडा पाच-सहा वर्षे पुरे, कारण गाव दररोज वेगळे. रेडिओवर तोच तुकडा एका रात्रीत सगळ्या देशाने ऐकलेला असे. पुढच्या आठवड्याला काय? बहुतेकांनी विनोदांच्या वह्या भरल्या आणि दोन-तीन वर्षांत त्या आटल्या. बेनी आणि त्याचा पहिला लेखक हॅरी कॉन यांनी वेगळी वाट काढली. सुटे विनोद जमवण्यापेक्षा माणसे तयार करायची. माणूस एकदा पक्का झाला, की त्याला कोणत्याही प्रसंगात टाकावे, विनोद त्याच्या स्वभावातूनच निघतो. कॉनशी बेनीचे १९३६ मध्ये बिनसले. कार्यक्रम आपल्याच जिवावर चालतो असे कॉनला वाटू लागले होते. तो गेला आणि कार्यक्रम पूर्वीपेक्षा चांगला होत गेला. पण या पद्धतीचे अर्धे श्रेय त्याचे आहे.

माणसे एकेक करून जमली. पहिली आली बेनीची बायकोच. १९३२ मध्ये एका भागासाठी ती प्लेनफील्ड गावची चाहती मुलगी झाली, श्रोत्यांनी तिला पुन्हा मागितले आणि सेडी मार्क्सची कायमची मेरी लिव्हिंगस्टन झाली. कार्यक्रमात ती बेनीची बायको कधीच नव्हती. त्याला जमिनीवर आणणारी फटकळ मैत्रीण एवढेच तिचे नाते होते. खऱ्या आयुष्यात तिला माइकची धास्ती वाटे, आणि ती वर्षागणिक वाढत गेली. १९३४ मध्ये निवेदक डॉन विल्सन आला. तो धिप्पाड होता, त्यामुळे त्याच्या जाडीवर विनोद होत आणि तो बेनीच्या चिक्कूपणावर परतफेड करी. १९३६ मध्ये वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून फिल हॅरिस आला. हा दारूबाज, उडाणटप्पू, आपल्या मालकाला जराही न जुमानणारा. १९३९ मध्ये डेनिस डे हा तरुण गायक आला, कोवळ्या आवाजाचा आणि भाबडा. पण भाबडेपणी असे काही बोलून जाई, की बेनीला उत्तर सुचू नये. शिवाय मेल ब्लँक होता. बग्ज बनी या कार्टून सशाचा आवाज म्हणून जगाला ठाऊक असलेला हा कलावंत इथे व्हायोलिनचे वैतागलेले मास्तर व्हायचा, रेल्वे स्थानकावरचा उद्घोषक व्हायचा आणि बेनीची जुनीपुराणी मॅक्सवेल मोटारही व्हायचा. गाडी सुरू होण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐनवेळी लागला नाही, तेव्हा ब्लँकने तोंडानेच खोकत, धापा टाकत इंजिन सुरू केले. त्यानंतर मोटारीचे काम त्याच्याकडेच राहिले.

कंजूष माणूस हे विनोदी नाटकाचे जुने पात्र आहे. मोलिएरचा कंजूष आचार्य अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मधून मराठी रंगभूमीनेही पाहिला आहे. पण त्या परंपरेतला कंजूष बहुधा घरच्यांना छळणारा असतो आणि शेवटी त्याची फजिती झाली की प्रेक्षक सुखावतो. बेनीचा कंजूष कुणाचे वाईट करत नाही. घराच्या तळघरात त्याची तिजोरी आहे. तिथे जायचे तर साखळ्या, कुलुपे, भोंगे आणि खंदक ओलांडावे लागतात. आत एक पहारेकरी बसलेला आहे. तो इतकी वर्षे खालीच आहे, की बाहेरचे युद्ध संपले का, असे तो विचारतो आणि युद्ध कोणते हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. हे सगळे दाखवायला रेडिओला फक्त पावलांचे, साखळ्यांचे आणि दारांचे आवाज लागत. तिजोरी प्रत्येक श्रोत्याच्या मनात वेगळी होती आणि कोणत्याही नेपथ्यकाराला बांधता आली असती त्यापेक्षा खोल होती.

या सगळ्याचा कळस म्हणून २८ मार्च १९४८ चा भाग सांगितला जातो. कथाभाग असा. शेजारी राहणारा नट रोनाल्ड कोलमन याला नुकतेच ऑस्कर मिळाले आहे. बेनीने ते घरी दाखवायला म्हणून उसने घेतले आहे आणि तो रात्री रस्त्याने चालत घरी निघाला आहे. अंधारातून एक लुटारू पुढे येतो आणि दरडावतो, ‘बोल, पैसे देतोस का जीव?’ त्यानंतर शांतता. लोक हसू लागतात. लुटारू पुन्हा ओरडतो, ‘ऐकलंस ना, पैसे का जीव?’ आणि बेनी त्रासून म्हणतो, ‘विचार करतोय!’ या वाक्याचा जन्मही असाच सांगतात. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकबेरी हे दोन लेखक लुटारूच्या प्रश्नापर्यंत येऊन अडकले होते. जोसेफ्सबर्गने काहीतरी सुचव म्हणून तगादा लावला, तेव्हा कोचावर पडलेला टॅकबेरी वैतागून म्हणाला, की विचार करतोय.

त्या प्रसंगातला पहिला हशा शब्दांना नव्हे, शांततेला मिळालेला आहे, हे विशेष. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. श्रोता लगेच बटण फिरवून दुसरे केंद्र लावील ही भीती प्रत्येकाला असे, म्हणून सारे भरभर बोलत. बेनी थांबू शकत होता, कारण त्या थांबण्यात तो काय विचार करतो आहे हे लाखो लोकांना आधीच ठाऊक होते. पंधरा वर्षे दर रविवारी ज्याला ऐकले, त्याच्या मनातला हिशेब त्यांना न बोलता ऐकू येत होता. एखाद्या नवख्याने हेच वाक्य त्याच ठिकाणी घेतले असते, तर हशा पिकला नसता. बेनीच्या टायमिंगबद्दल जे बोलले जाते त्याचे मर्म इथे आहे. सेकंद मोजण्याचे कौशल्य त्यात होतेच, पण त्यामागे वर्षानुवर्षे जमवलेली ओळख होती.

लांबलेल्या हशाच्या बाबतीत त्याच वर्षीच्या एप्रिलमधला एक प्रसंग याच्याही वर जातो. ऑपेरा गायिका डोरोथी कर्स्टन पाहुणी आली आहे आणि डॉन विल्सन तिच्याशी ऑपेराविषयी जाणकारीने, इटालियन शब्द पेरत बोलतो आहे. संभाषण रंगत जाते. शेवटी बेनी, आपल्यालाही काही कळते हे दाखवायला, ‘मला वाटतं…’ एवढेच म्हणतो, आणि मेरी फटकारते, ‘तू गप्प बस!’ विनोद म्हणून हे वाक्य कागदावर काहीच नाही. ते मेरीचे आहे, बेनीने तोंड उघडण्यापलीकडे काही केलेले नाही, आणि हशा मात्र संपता संपत नाही.

असा विनोद लिहायला चांगले लेखक लागतात आणि बेनी त्यांना उत्तम पैसे देई. १९४३ च्या सुमारास जमलेली जोसेफ्सबर्ग, टॅकबेरी, सॅम पेरिन आणि जॉर्ज बाल्झर ही चौकडी बरीच वर्षे टिकली. या धंद्यात लेखक दर मोसमाला बदलत, हे पाहता ही निष्ठा मोठी आहे. बेनी स्वतः संपादक होता. कोणते वाक्य राहील, कोणते जाईल, ते कुणाच्या तोंडी बसेल हे त्याला अचूक कळे. हजरजबाबी असल्याचा आव त्याने कधी आणला नाही. रेडिओवरचाच दुसरा विनोदवीर फ्रेड ॲलन याने एकदा भर कार्यक्रमात त्याला चिमटे काढले तेव्हा तो म्हणाला, की माझे लेखक इथे असते तर असे बोलायची तुझी छाती झाली नसती.

फ्रेड ॲलनशी त्याचे ‘वैर’ हे रेडिओच्या इतिहासातले एक गंमतीचे प्रकरण आहे. डिसेंबर १९३६ मध्ये ॲलनच्या कार्यक्रमात दहा वर्षांच्या स्टुअर्ट कॅनिन या मुलाने व्हायोलिनवर ‘द बी’ ही रचना सफाईने वाजवली. ॲलन म्हणाला, हे ऐकून जॅक बेनीने शरमेने मान खाली घालावी. बेनीने पुढच्या रविवारी उत्तर दिले आणि दोन कार्यक्रमांत आठवड्याआड शाब्दिक चकमकी सुरू झाल्या. मार्च १९३७ मध्ये दोघे न्यूयॉर्कच्या हॉटेल पिएरमध्ये समोरासमोर आले, तेव्हा देशाने ते मुष्टियुद्धाच्या सामन्यासारखे ऐकले. प्रत्यक्षात दोघांना एकमेकांविषयी फार आदर होता आणि हे लुटुपुटीचे भांडण १९५६ मध्ये ॲलनच्या मृत्यूपर्यंत चालले. ज्या मुलाच्या निमित्ताने ते सुरू झाले, तो पुढे खरोखरच नामवंत झाला. १९४५ मध्ये सैनिक म्हणून जर्मनीत असताना कॅनिनने पोट्सडॅम परिषदेत ट्रुमन, चर्चिल आणि स्टालिन यांच्यापुढे वादन केले. नंतर तो सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा प्रमुख व्हायोलिनवादक झाला.

बेनीच्या मंडळींत सर्वांत महत्त्वाचा होता एडी अँडरसन. तो कृष्णवर्णीय होता. लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकताना ओरडून त्याचा आवाज घोगरा झाला होता. मार्च १९३७ मध्ये एका भागात त्याने रेल्वेतल्या पोर्टरचे काम केले. लोकांना तो आवाज इतका आवडला, की लवकरच तो बेनीचा घरगडी रॉचेस्टर म्हणून कायम झाला. सुरुवातीच्या वर्षांत रॉचेस्टरच्या वाट्याला फासे, दारू, आळस असे कृष्णवर्णीयांबद्दलचे ठरावीक हिणकस विनोद येत. हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्या चौकटीत एक नवी गोष्ट घडत होती. रॉचेस्टर मालकाला उलट उत्तर देई, त्याची बिंगे फोडी आणि जवळपास प्रत्येक वेळी तोच जिंके. गोऱ्या मालकाची फजिती कृष्णवर्णीय नोकराने करावी आणि साऱ्या देशाने नोकराच्या बाजूने हसावे, हे १९४० च्या अमेरिकेत दुर्मिळ होते. युद्धात हिटलरच्या वंशवादाचे रूप दिसल्यावर बेनीने ते जुने विनोद बंद करायला लावले. १९५० मध्ये घाईत एक जुनी संहिता पुन्हा वापरली गेली आणि श्रोत्यांनी नाराजी कळवली. एका दशकात श्रोते आणि कार्यक्रम दोन्ही किती बदलले होते हे त्यावरून कळते. अँडरसन त्या काळच्या सर्वाधिक कमावणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांपैकी एक होता. १९४३ च्या केंटकी डर्बीत त्याच्या मालकीचा घोडा धावला होता.

चित्रपटांत बेनीला रेडिओइतके यश आले नाही, एक अपवाद सोडून. अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’मध्ये (१९४२) त्याने नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सामधला एक पोलिश नट रंगवला. हा नट हॅम्लेटचे स्वगत म्हणायला उभा राहिला की प्रेक्षकांतला एक तरुण उठून बाहेर जातो आणि नटाचा अभिमान दुखावतो. बेनीच्या रेडिओवरच्या पोकळ अभिमानाला लुबिचने इथे मृत्यूच्या शेजारी नेऊन बसवले. नायिका कॅरोल लोंबार्ड चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, जानेवारी १९४२ मध्ये विमान अपघातात गेली. त्या रविवारी बेनीने विनोद केला नाही, कार्यक्रमात फक्त संगीत वाजले. मुलगा नाझी गणवेशात दिसताच म्हातारे मेयर कुबेल्स्की चित्रपटगृहातून उठून गेले. कथा काय आहे हे समजावल्यावर ते परत गेले, आणि मग तो चित्रपट त्यांनी पुनःपुन्हा पाहिला. तेव्हा नाझींवर हसावे का, असा आक्षेप अनेकांनी घेतला. आज हा चित्रपट अभिजात मानला जातो, आणि ते योग्यच आहे. १९४५ च्या ‘द हॉर्न ब्लोज ॲट मिडनाइट’ने मात्र सपशेल मार खाल्ला. बेनीने त्या अपयशावर पुढे अनेक वर्षे विनोद केले.

युद्धकाळात तो १९४३ मध्ये आफ्रिका, मध्यपूर्व आणि इटलीत, १९४४ मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये आणि १९४५ मध्ये जर्मनीत सैनिकांपुढे कार्यक्रम करत फिरला. १९५१ मध्ये कोरियालाही गेला. १९४५ च्या अखेरीस त्याच्या कार्यक्रमाने एक स्पर्धा लावली. ‘मला जॅक बेनी आवडत नाही, कारण…’ हे वाक्य श्रोत्यांनी पूर्ण करायचे. अडीच लाखांहून अधिक उत्तरे आली. परीक्षकांत फ्रेड ॲलन होता.

१९४९ च्या सुरुवातीला बेनी एनबीसी ही प्रसारण कंपनी सोडून तिच्या प्रतिस्पर्धी सीबीएसकडे गेला. या बदलाने रेडिओ-व्यवसायाचा तोलच फिरला. त्या वेळी मोठ्या मिळकतीवर अतिशय चढा प्राप्तिकर लागे, पण मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर तो पुष्कळ कमी, पंचवीस टक्के होता. सीबीएसचे विल्यम पेली यांनी बेनीची निर्मिती कंपनीच वीस लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन विकत घेतली, म्हणजे ती रक्कम पगार न ठरता विक्री ठरली. करखात्याने या युक्तीला हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले आणि बेनी जिंकला. पण प्रश्न पैशाचाच नव्हता. पेली कलावंतांना स्वतः भेटत, एनबीसीच्या मालक कंपनीचे डेव्हिड सारनॉफ त्यांच्यापासून दूर राहत. बेनीमागोमाग एडगर बर्गन, बर्न्स आणि ॲलन हे विनोदी जोडपे (हा ॲलन फ्रेड नव्हे), रेड स्केल्टन असे मोठे कलावंत सीबीएसकडे गेले. दूरचित्रवाणीचे युग उजाडताना सीबीएसचे पारडे जड होते त्याचे मोठे कारण हे स्थलांतर आहे.

दूरचित्रवाणीला बेनी बिचकतच सामोरा गेला. पहिला कार्यक्रम २८ ऑक्टोबर १९५० रोजी झाला. पहिल्या काही वर्षांत तो मोजकेच भाग करी, दर आठवड्याला यायला १९६० उजाडले. ज्याची तिजोरी लोकांनी मनात बांधली होती, त्याने ती आता प्लायवुडमध्ये दाखवायची होती. पण रेडिओवर जी शांतता होती, तिला इथे चेहरा मिळाला. हात कोपरात दुमडून तळवा गालाला लावायचा आणि प्रेक्षकांकडे दुखावल्या नजरेने बघत राहायचे, एवढ्यावर बेनी अर्धा मिनिट हशा खेळता ठेवी. मोठमोठे चित्रपट-तारे त्याच्याकडे आनंदाने येत, कारण वाक्ये पाहुण्याला मिळत. मेरिलिन मन्रो दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा आली ती १९५३ मध्ये त्याच्याच कार्यक्रमात. त्याच्या पद्धतीचा सर्वांत नावाजलेला शिष्य म्हणजे पुढे दूरचित्रवाणीवर गाजलेला निवेदक जॉनी कार्सन. त्याने १९४९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात रेडिओवरच्या विनोदी लेखनाचा अभ्यास सादर केला होता आणि त्यात बेनीचे नमुने घेतले होते.

पात्र आणि माणूस यांत सर्वांत मोठे अंतर पैशाच्या बाबतीत होते. खरा बेनी सढळ हाताचा होता. हॉटेलांत भरपूर टिप ठेवी, कारण न ठेवली तर लोकांना पात्रच खरे वाटेल. वयाच्या साठीत त्याने व्हायोलिनचा रियाज पुन्हा मनापासून सुरू केला. १९५६ पासून देशभरच्या सिम्फनी वाद्यवृंदांबरोबर तो मदतनिधीसाठी मैफली करू लागला. ज्याचे बेसूर वाजवणे ऐकायला लोक भरभक्कम तिकिटे काढत होते, तो त्या पैशातला एकही डॉलर घेत नव्हता. अशा मैफलींतून संगीत संस्थांसाठी लाखो डॉलर उभे राहिले. वाजवताना तो विनोद करी, पण घरी रोज तासन्‌तास सराव करी, आणि आपण थोडे आणखी चांगले वाजवू शकलो असतो तर, ही हळहळ त्याला शेवटपर्यंत होती. वॉकीगनने १९६१ मध्ये एका शाळेला त्याचे नाव दिले. हायस्कूल अर्ध्यावर सोडलेल्या या माणसाला त्याचा फार अभिमान वाटे. त्याच्या न संपणाऱ्या एकोणचाळिशीवरून त्या शाळेच्या खेळाडूंना ‘थर्टी-नाइनर्स’ म्हणतात.

साप्ताहिक कार्यक्रम १९६५ मध्ये बंद पडला. त्यानंतर वर्षाकाठी एखादा खास कार्यक्रम, मैफली आणि रंगमंचावरचे प्रयोग चालू राहिले. १९७४ मध्ये ‘द सनशाइन बॉईज’ या चित्रपटात मुख्य भूमिका ठरली होती, पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २६ डिसेंबर १९७४ रोजी, ऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी जॉर्ज बर्न्स, पन्नास वर्षांचा जिवलग मित्र, बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलवेना. बेनीने आपले स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकला देऊन ठेवले होते. मेरीला ती असेपर्यंत रोज एक लाल गुलाब पोहोचवण्याची तजवीजही त्याने केली होती. १९८३ मध्ये ती गेली. ‘सनशाइन बॉईज’मधली भूमिका बर्न्सने केली आणि त्याला १९७६ मध्ये ऑस्कर मिळाले.

बेनीचे शेकडो रेडिओ कार्यक्रम ध्वनिमुद्रित स्वरूपात टिकले आहेत आणि ते आजही सहज ऐकता येतात. पुष्कळ संदर्भ जुने झाले आहेत, काही विनोद आता खटकतात. तरी पात्रे जिवंत आहेत. ऐकायची इच्छा झालीच, तर लुटारूचा भाग पहिल्यांदा लावू नये. १९४७-४८ च्या मोसमातले आधीचे सात-आठ रविवार ओळीने ऐकावेत, मेरी, रॉचेस्टर, डेनिस, तिजोरी, मॅक्सवेल यांची ओळख होऊ द्यावी, आणि मग २८ मार्चवर यावे.